बांबूच्या नळ्या भरतात, पण पावसाळ्यानंतर उघडतच नाहीत: काय चुकतं आणि काय करायचं

एकट्याने घरटं बांधणाऱ्या जंगली मधमाश्यांसाठी परसदारी टांगलेली बांबूच्या नळ्यांची मोळी दिवाळीच्या साफसफाईत खाली उतरवावी आणि बघावं, तर मार्च-एप्रिलात बंद झालेली नळ्यांची तोंडं अजून तशीच बंद. काडीचं टोक लावलं की पानांचं बूच भुसभुशीत होऊन गळतं आणि आतून काळी भुकटी सांडते. एकेका नळीत सात-आठ माश्या वाढत होत्या, त्यांची ती भुकटी. माझ्याकडे हे सलग तीन वर्षं झालं. पहिल्या वर्षी वाटलं, एखादी नळी खराब निघायचीच. दुसऱ्या वर्षी अर्ध्याहून जास्त तशा निघाल्या. तिसऱ्या वर्षी मोळी मांडीवर घेऊन मी ओट्यावर बराच वेळ नुसती बसून राहिले. माश्यांसाठी म्हणून घर बांधलं, त्या विश्वासाने आल्या आणि त्या घरातच त्यांची पिल्लं गेली.

गेली दोन वर्षं हे थांबलं आहे. मी साताऱ्यात राहते, घराभोवती दीड गुंठ्याचं अंगण-परसदार आहे. चिपळूणची मावशी, कराडची मैत्रीण आणि पुण्यात गच्चीवर भाजी लावणारा भाचा, तिघांनीही मला हीच तक्रार सांगितली: नळ्या भरल्या, आनंद झाला आणि पुढे काहीच झालं नाही. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते.

कोणत्या माश्यांबद्दल बोलतोय

आमच्या जिल्ह्यात माशी म्हटलं की लोकांना मधच आठवतो. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, त्याचा आम्हाला अभिमानही आहे. पण आग्या, सातेरी, फुलोरी आणि पोया या पोळं करून राहणाऱ्या माश्या झाल्या. जगात माश्यांच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकांड्या आहेत. त्यांना राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही, काढून घेण्यासारखा मध नाही. एकटी मादी जागा शोधते, एकटी घरटं बांधते, एकेका अंड्यापुरती शिदोरी भरून ठेवते आणि बहुतेक वेळा पिल्लं बाहेर येण्याआधी मरून जाते. राखण करायला मागे कुणी नसतं. म्हणून आपण दिलेल्या जागेतली चूक त्यांना फार महागात पडते.

या माश्या डंख मारायला अंगावर येत नाहीत. मादीला नांगी असते, पण ती मुठीत दाबली किंवा कपड्यात अडकली तरच वापरते. घरात लहान मुलं आहेत म्हणून नळ्या लावायला घाबरणाऱ्यांना मी एवढंच सांगते की माझी सहा वर्षांची नात नळ्यांपासून हातभर अंतरावर पाटावर बसून माश्या बघते.

आधी बघा, नळीत कोण आहे

उपाय करण्यापूर्वी तोंडावरचं बूच नीट बघा. बंद नळी म्हणजे माशीच असं नाही, आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी असते.

हिरव्या किंवा वाळून तपकिरी झालेल्या पानांच्या गोल चकत्या एकावर एक रचलेल्या दिसल्या तर ती पानकापी माशी. राळ आणि माती मिसळून केलेलं टणक, काळपट बूच असेल तर तिचीच बहीण, राळ वापरणारी. ही कुलपाच्या भोकात आणि वीजबोर्डाच्या छिद्रातही घरटं करते. नुसत्या मातीचं, सारवल्यासारखं गुळगुळीत बूच बहुधा कुंभारमाशीच्या जातीचं असतं. ती गांधीलमाशीच्या कुळातली, पिल्लांसाठी आत अळ्या किंवा कोळी कोंबून ठेवते. तोंडातून वाळक्या गवताच्या काड्यांचा झुपका बाहेर आला असेल तर तीही गांधीलमाशीच, तिची शिकार नाकतोडे आणि रातकिडे. नळीखाली लाकडाचा बारीक भुसा पडलेला असेल तर भुंगा, म्हणजे लाकूड पोखरून राहणारी मोठी माशी, आला आहे.

गांधीलमाशीच्या कुळातल्यांना हुसकावू नका. कॅनडातल्या टोरांटो शहरात अशी सहाशेच्या आसपास घरं तीन वर्षं तपासली गेली, त्याचा अहवाल २०१५ साली आला. त्यात स्थानिक माश्यांपेक्षा स्थानिक गांधीलमाश्याच जास्त राहताना आढळल्या. माझ्याकडेही साधारण तसंच आहे. कोबीवरच्या आणि टोमॅटोवरच्या अळ्या त्या उचलून नेतात, भांडत नाहीत. त्यांनाही राहू द्यावं असं माझं मत आहे.

पानकापीला मात्र एकदा तरी काम करताना बघाच, म्हणजे आपण काय वाचवतोय ते कळतं. एका शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास मी गुलाबाच्या कुंडीजवळ स्टूल टाकून बसले. ती आली, पानाच्या कडेवर दोन्हीकडे पाय टाकून घोड्यावर बसावं तशी बसली आणि जबड्याने कडेपासून आत कापत गेली. सात-आठ सेकंदांत अर्धवर्तुळ फिरवून झालं. शेवटचा धागा तुटायच्या आतच तिने पंख सुरू केले होते, त्यामुळे तुकडा सुटला तरी ती खाली पडली नाही. तुकडा पोटाखाली गुंडाळी करून धरला आणि थेट नळीत शिरली. तासाभरात चौदा फेऱ्या मोजल्या. लांबट तुकडे भिंतींसाठी, अगदी गोल तुकडे झाकणासाठी. पुढे फेऱ्या फुलांकडे वळल्या तेव्हा तिच्या पोटाची खालची बाजू पिवळीधमक दिसायला लागली. सातेरी पराग मागच्या पायांवर गोळी करून नेते, ही पोटावरच्या केसांत भरून आणते. ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच.

नळी चिरून बघितली

तिसऱ्या वर्षी मी दहा बंद नळ्या सुरीने उभ्या चिरल्या. मन घट्ट करावं लागलं, पण त्याशिवाय कारण कळलं नसतं. तुमच्याकडेही दिवाळीनंतर बंद राहिलेल्या नळ्यांतली एखादी अशी चिरून बघा. नेमकं काय झालं ते आतच लिहिलेलं असतं.

चांगल्या नळीत पानांच्या छोट्या पुंगळ्या विडीसारख्या एकामागे एक लागलेल्या दिसतात. प्रत्येक पुंगळीत एकच पिल्लू. मागच्या कोठड्यांत माद्या असतात, तोंडाजवळ नर. नर आधी बाहेर पडतात म्हणून त्यांना दाराशी ठेवलेलं असतं.

बिघडलेल्या नळ्यांत मला तीन तऱ्हा दिसल्या. सहा नळ्यांत परागांच्या शिदोरीवरच काळी-हिरवी बुरशी चढली होती. काही पिल्लं खडूच्या तुकड्यासारखी कडक होऊन गेली होती. बांबूची आतली भिंत बोटाला गार लागत होती. दोन नळ्यांत पुंगळ्या शाबूत, पण प्रत्येकीला टाचणीने टोचावं तसं बारीक भोक, आणि आत खसखशीच्या दाण्याएवढ्या मेलेल्या काळ्या माश्या, एकेका कोठडीत डझनावारी. त्या परोपजीवी. उरलेल्या दोन पूर्ण रिकाम्या, पुंगळ्यांच्या फक्त चिंध्या आणि माती. त्या मुंग्यांनी नेल्या.

दहापैकी सहा ओलीने गेल्या. तेव्हा पहिली दुरुस्ती ओलीची.

ओल कुठून येते

मोळीवर छप्पर होतं. पत्र्याचा तुकडा वाकवून बसवला होता, दोन्हीकडे चार बोटं पुढे आलेला. मला वाटलं, झालं काम. पण आपल्याकडचा पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. जूनमध्ये पश्चिमेकडून झड सुरू झाली की नळीचं तोंड त्या दिशेला असणं म्हणजे पन्हाळ लावण्यासारखं आहे. माझी मोळी नैर्ऋत्येच्या भिंतीवर होती, तिथे संध्याकाळचं ऊन छान येतं म्हणून. ती जागाच चुकली होती. त्या भिंतीवर एप्रिलात दुपारी हात टेकवत नव्हता, म्हणजे पिल्लं आधी भाजली आणि मग भिजली.

आता मोळी पूर्वेच्या भिंतीवर आहे, छातीइतक्या उंचीवर, घराच्या वळचणीत. सकाळचं कोवळं ऊन मिळतं, अकरानंतर सावली. तोंड आग्नेयेकडे. माश्यांना सकाळी अंग तापवायला ऊन लागतं, ते मिळालं की त्या लवकर कामाला लागतात. नळ्यांना तोंडाकडे अगदी किंचित उतार दिला आहे, म्हणजे थेंब आलाच तर आत न शिरता बाहेर ओघळेल.

दुसरी चूक नळीतच होती. भाच्याने गच्चीवर प्लास्टिकचे स्ट्रॉ बांधले होते, कापायची कटकट नको म्हणून. प्लास्टिक श्वास घेत नाही. ओल्या परागाची वाफ आतल्या आत साचते आणि उन्हाळ्यातसुद्धा बुरशी धरते. पीव्हीसी पाइप आणि काचेच्या नळ्यांचंही तेच. बांबू, वाळलेला बोरू किंवा ब्राऊन पेपर गुंडाळून केलेल्या जाड नळ्या घ्या.

बांबू घेताना तो वाळलेला हवा. मी पहिल्या वर्षी ताजा चिवा तोडून लगेच बांधला होता. त्या ओलसर काठीत बुरशी माशी यायच्या आधीच तयार होती. आता बुरुडाकडून काठ्या आणते आणि महिनाभर माळ्यावर वाळवते. कापताना प्रत्येक तुकड्याला मागच्या टोकाला गाठ राहील असं कापायचं, कारण दोन्हीकडून उघडी नळी माशी सहसा घेत नाही. लांबी बारा ते पंधरा सेंटिमीटर. आखूड नळीत मागच्या कोठड्यांना जागाच उरत नाही, म्हणजे माद्या कमी आणि नर जास्त जन्मतात. तोंडाची कड काचकागदाने घासून गुळगुळीत करा, बांबूचं कुसळ पंख फाडतं.

आगोटीला नळ्या आत घ्या

जागा बदलूनही चिपळूणच्या मावशीकडे निभावलं नाही. तिथला पाऊस वळचणीतसुद्धा भिंत ओली करतो. मग जे केलं ते दोघींच्याही घरी लागू पडलं आणि माझ्या मते या सगळ्या लेखातला हाच उपाय सगळ्यात महत्त्वाचा आहे: मृगाच्या आधी भरलेल्या नळ्या उतरवून कोरड्या जागी ठेवायच्या.

त्यासाठी नळी बंद झाली की त्याच दिवशी बाजूला पेन्सिलीने तारीख लिहा. माझ्या नळ्यांवर ‘१७ मार्च’, ‘२ एप्रिल’ असं लिहिलेलं आहे. ताजी बंद झालेली नळी लगेच हलवायची नाही. आत अंडं किंवा इवलीशी अळी परागाच्या गोळ्यावर बसलेली असते, धक्का लागून ती घसरली तर उपाशी मरते. निदान तीन आठवडे जाऊ द्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाचा पाऊस पडून गेलेला नसेल अशा दिवशी नळ्या आडव्याच धरून हलक्या हाताने उतरवा. उभ्या करू नका, आपटू नका, आत वाजतंय का म्हणून हलवून तर अजिबात बघू नका.

ठेवायच्या कशात, तर बुटांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. एका बाजूला करंगळी जाईल एवढं एक भोक पाडा आणि नळ्यांची तोंडं त्या भोकाकडे करा. खोका सज्जात किंवा व्हरांड्यात, जिथे झड पोचत नाही पण हवा खेळते, अशा ठिकाणी भोक उजेडाकडे करून ठेवा. पिल्लू बाहेर पडलं की अंधारात उजेडाचा तो एकच ठिपका दिसतो आणि ते त्या दिशेने निघून जातं. भोक विसरू नका. मी पहिल्यांदा नळ्या झाकणाच्या डब्यात ठेवल्या होत्या, सुरक्षित राहतील म्हणून. जुलैत डबा उघडला तेव्हा तळाला आठ माश्या मरून पडल्या होत्या. पंख पूर्ण, रंग ताजा. बुरशीने गेलेल्यांपेक्षा त्या आठ मला जास्त लागल्या.

खोका स्वयंपाकघरात नको, कपाटात नको, जिथे डासांची मशीन किंवा अगरबत्ती लावता त्या खोलीत तर नकोच.

उबदार दिवसांत नळी बंद झाल्यापासून महिना-दीड महिन्यात माझ्याकडे पहिले नर निघतात. म्हणजे मार्चच्या काही नळ्या मेमध्येच उघडतात, त्यांना हलवायची वेळच येत नाही. प्रश्न असतो तो एप्रिल-मेच्या नळ्यांचा. पावसाने उघडीप दिली की त्यातली पिल्लं निघतात आणि त्या दिवसांत बाहेर फूल मिळायला हवं. माझ्याकडे तुळस, सब्जा आणि कुंपणावरचा गोकर्ण तेवढ्यासाठी राखलेला आहे.

परोपजीवी आणि मुंग्या

खसखशीएवढ्या त्या माश्या एकदा मोळीत शिरल्या की कोठडीमागून कोठडी फस्त करतात. त्यांना आपणच पोसतो, कारण शंभर नळ्यांची मोठी मोळी एका जागी बांधतो आणि तीच वर्षानुवर्षं ठेवतो. रानात शंभर घरटी अशी एका ओळीत कधी नसतात. मी मोळी मोडून पंधरा-पंधरा नळ्यांच्या चार जुड्या केल्या आणि परसात चार ठिकाणी लावल्या. उघडून झालेली नळी पुन्हा लावत नाही, जाळते. दरवर्षी नवा बांबू. चार जुड्यांना अडीच काठ्या पुरतात, फार खर्च नाही.

पण सगळेच उपरे मारायला धावू नका. टोकदार पोटाची, अंगावर परागाचे केस नसलेली एक काळी माशी पानकापीच्या नळीपाशी घुटमळताना दिसेल. ती कोकिळेसारखी तिच्या घरात अंडं घालते. तीही जंगली माशीच आहे आणि ती दिसते याचा अर्थ तुमच्याकडे पानकाप्या भरपूर आहेत.

मुंग्यांसाठी खडूच्या रेघा मारू नका आणि पावडर टाकू नका. ते विष माशीलाही तेच करतं. जुडी तारेने टांगा आणि तारेवर वीतभर ग्रीस किंवा व्हॅसलिन चोपडा. खांबावर असेल तर खांबाच्या बुडाशी पाण्याची ताटली, दुधाच्या पातेल्याखाली ठेवतो तशी. आणि फांदी, वेल किंवा वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी जुडीला टेकत नाही ना हे आठवड्याला बघा. माझ्या दोन नळ्या ज्या मुंग्यांनी नेल्या, त्या तोंडल्याच्या एका तणाव्यावरून चढल्या होत्या.

नळ्या भरतच नसतील तर

भोकाचं माप तपासा. सगळ्या नळ्या अंगठ्याएवढ्या जाड असतील तर भुंग्याशिवाय कुणी येणार नाही. चार, सहा, आठ मिलिमीटर असं मिश्रण हवं. जुडी वाऱ्याने झुलत असेल तर माशी उतरत नाही, भिंतीला घट्ट बांधा. आणि पन्नास पावलांत फूल नसेल तर नुसत्या घराला कुणी विचारत नाही. नर्सरीतली भरगच्च पाकळ्यांची फुलं दिसायला सुंदर असली तरी त्यांत पराग जवळजवळ नसतो. त्यापेक्षा कडेला चार तुरीची झाडं, थोडा ताग आणि निर्गुडीचं एखादं झुडूप लावा. अंगणातली एकदांडी उपटू नका. माझ्याकडे सगळ्यात बारीक माश्या तिच्याच फुलांवर असतात.

गुलाबाची छाटणी केल्यावर कापलेल्या फांदीच्या मधल्या भेंडात बारीक भोक दिसलं तर ती कीड समजून फांदी कापू नका. गव्हाच्या दाण्याएवढी, काळसर किंवा हिरवट चमकणारी एक माशी त्या भेंडात राहते. झाडाला त्याने काही होत नाही. छाटलेल्या फांद्या मी वीतभर लांब ठेवते आणि काही जुडीत खोचूनही देते.

पानाला गोल भोकं पडली म्हणून फवारलंत?

भरलेल्या नळ्या मरण्याचं एक कारण नळी चिरून दिसत नाही. पानकापी गुलाबाच्या, बोगनवेलीच्या, तुरीच्या पानांचे तुकडे नेते. कड इतकी रेखीव कापलेली असते की ती अळीची खाडखाड नव्हे हे एका नजरेत कळावं. पण एका वर्षी मी गावाला गेले असताना बागकामाला येणाऱ्या मामांनी ती पानं बघितली आणि दुकानातून औषध आणून गुलाबावर मारलं. त्यांचा हेतू चांगलाच होता. बाटलीवर इमिडाक्लोप्रिड होतं. ते झाडाच्या अंगात भिनतं, पानात जातं, मधुरसात आणि परागात उतरतं. माशी तेच पान पुंगळीला लावते आणि तोच पराग पिल्लाला भरवते. त्यानंतर दोन महिने एकही नवी नळी बंद झाली नाही. युरोपियन युनियनने २०१८ साली हे आणि त्याच जातीतली क्लोथियानिडिन, थायामेथोक्झाम ही औषधं उघड्या शेतात वापरायला बंदी घातली, ती माश्यांसाठीच.

कापलेल्या पानाने गुलाब मरत नाही, फुलंही कमी होत नाहीत. मावा किंवा पिठ्या ढेकूण असेल तर पाण्याची जोरदार धार मारा, दाट झाला असेल तर साबणाचं पातळ पाणी संध्याकाळी, फुलं सोडून, पानांच्या खालच्या बाजूला. निंबोळी अर्कालाही हाच नियम. सेंद्रिय आहे म्हणून तो फुलावर मारला तर चालत नाही. आता मामांना मी पानाची ती गोल कड दाखवली आहे. परवा त्यांनीच शेजारच्या बंगल्यात फवारणी थांबवली.

नळीत न राहणाऱ्यांचं काय

हे मला उशिरा कळलं. एकांड्या माश्यांतल्या बहुतेक जमिनीत राहतात. नळ्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. आणि आपण अंगणाला कोबा करतो, पेव्हर बसवतो, उरलेल्या मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घालतो. मग वांग्याला फूल येतं आणि गळतं, म्हणून विचारत फिरतो.

वांग्याच्या परागकोशाला टोकाशी बारीक छिद्रं असतात. पराग झटकून बाहेर काढावा लागतो आणि सातेरीला ते जमत नाही. जमतं ते पोटावर आकाशी निळे पट्टे असलेल्या गुबगुबीत माशीला. ती फुलाला लोंबकळते, पंख मिटून घेते आणि अंगातले उडायचे स्नायू तेवढे थरथरवते. उडतानाची गुणगुण एकदम तीव्र होते आणि पराग पिठासारखा तिच्या अंगावर झडतो. डोळे मिटून वांग्याच्या वाफ्याशी उभं राहिलात तरी आवाजावरून ती कुठल्या फुलावर आहे ते सांगता येईल.

तिच्यासाठी मी काहीही विकत आणलं नाही. न्हाणीघरामागची चार फूट बाय तीन फूट जागा उघडी सोडली. खणत नाही, पाणी घालत नाही, झाडत नाही. शेजारी जुन्या मातीच्या भिंतीचा एक पडका कोपरा आहे, त्याला सिमेंटचा गिलावा करायचा बेत रद्द केला. पुढच्या हिवाळ्यात त्या भिंतीत पेन्सिल जाईल अशी सतरा भोकं मोजली. संध्याकाळी साडेसहाला या माशीचे नर निर्गुडीच्या वाळक्या काडीवर रांगेने येतात, जबड्याने काडी घट्ट धरतात आणि पाय सोडून तसेच झोपतात. एका काडीवर नऊ. नातीला झोपवायच्या आधी आम्ही टॉर्चवर लाल कागद लावून त्यांना बघून येतो.

गच्चीवर माती नसेल तर खोल कुंडीत वाळूमिश्रित माती दाबून भरा आणि रोप न लावता तशीच उन्हात ठेवा. प्रत्येक वेळी कुणी येईलच असं नाही, पण भाच्याकडे दुसऱ्या वर्षी आल्या.

भुंग्याची तक्रारही नेहमी येते: मांडवाच्या वाशाला गोल भोक पाडलं, खाली भुसा पडतो. तोंडासमोर घोंघावत उभा राहतो तो नर, त्याला नांगीच नसते. वाशांना तेलरंग द्या, रंगवलेलं लाकूड तो सहसा घेत नाही, आणि बदल्यात शेवग्याचा किंवा पांगाऱ्याचा वाळका ओंडका कोपऱ्यात उभा करा. शेवग्याला शेंगा हव्या असतील तर भुंगा फार कामाचा. फुलोरीचं तळहाताएवढं पोळं फांदीवर लागलं तर असू द्या. आग्याचं लागलं आणि ते जाण्या-येण्याच्या वाटेवर असेल तर धूर आणि औषध करणाऱ्याला न बोलावता, माश्या न मारता पोळं हलवणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवा.

यंदा चार जुड्यांत मिळून एकतीस नळ्या भरल्या. त्यांतल्या तेवीस नळ्या मे संपायच्या आत उघडल्या, सहा पावसात खोक्यातून उघडल्या. दोन अजून बंद आहेत, ‘१७ मार्च’ आणि ‘२ एप्रिल’. बूच कोरडं आहे, मुंग्या नाहीत, टाचणीचं भोक नाही. दिवाळीनंतर बंद नळी चिरून बघा असं मी वर म्हटलं, पण ते बूच भुसभुशीत किंवा ओलसर लागलं तरच. एकाच हंगामातली काही पिल्लं लगेच निघतात आणि काही कोषात झोपून पुढच्या बहराची वाट बघतात, त्यामुळे कोरडी आणि टणक नळी घाईने फेकू नका. आमची तूर आता कळीला आली आहे. ती फुलून ओसरेपर्यंत या दोन नळ्यांना मी हात लावणार नाही.